दोन दरांची तुलना आणि एकचल समीकरण
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांना गणित शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

समीकरणांचा पाठ वर्गात सुरू झाला की बाप आणि मुलगा यांच्या वयांची उदाहरणे फळ्यावर येतात. पाच वर्षांपूर्वी बापाचे वय मुलाच्या वयाच्या चौपट होते, तर आज दोघांची वये किती? मुले ती सोडवितात आणि उत्तरही बरोबर काढतात. परंतु ज्याला आपल्या मुलाचे वय ठाऊक नाही आणि जो ते अशा आडवळणाने विचारीत बसला आहे, असा बाप त्यांनी कधी पाहिलेला नसतो. त्यामुळे समीकरण हे परीक्षेच्या उपयोगाचे एक कोडे होय, एवढाच समज त्यांच्या मनात दृढ होतो. वस्तुतः त्याच मुलांच्या घरी, त्याच आठवड्यात, एखादे खरेखुरे समीकरण न सोडविताच निकालात काढले जात असते आणि त्याचा भुर्दंड घरादारावर पडत असतो. असे प्रसंग वर्गात कसे आणता येतील, याचा विचार या लेखात केला आहे.

सोयाबीन होणाऱ्या भागातील कोणत्याही शाळेत पुढील प्रसंग मुलांना समजावून सांगावा लागणार नाही. मळणीच्या दिवसांत गावात दोन मळणी यंत्रे फिरत आहेत, असे समजू. (मुले त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतील, म्हणू द्यावे.) पहिल्याचा मालक पोत्यामागे २०० रुपये घेतो, दुसरे काही घेत नाही. दुसऱ्याचा मालक यंत्र शेतावर आणण्याचे म्हणून १,२०० रुपये ठोक घेतो आणि वर पोत्यामागे १२० रुपये. यांपैकी कोणाला बोलवावे? हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. आपल्या गावी जो दर असेल तो मुलांकडूनच मागवून घ्यावा हे उत्तम.

हा प्रश्न टाकताच वर्गाचे दोन तट पडतात, असा माझा अनुभव आहे. एक तट म्हणतो, १२० हे २०० पेक्षा कमी, म्हणून दुसरे यंत्र स्वस्त. दुसरा म्हणतो, बाराशे रुपये आधीच कोण देतो? पहिलेच बरे. दोन्ही तट एकेकाच आकड्याकडे पाहत आहेत. घरची मोठी माणसेही बहुधा असेच करतात. हातात रोकड कमी असेल तर ठोक रकमेला भितात, नसेल तर दराला भुलतात. शिक्षकांनी येथे लगेच समीकरण मांडू नये. ‘तुमच्या शेतात किती पोती होतात?’ एवढेच विचारावे. कोणी आठ म्हणेल, कोणी चोवीस. आठ पोत्यांना पहिल्या यंत्राचे १,६०० रुपये होतात व दुसऱ्याचे १,२०० अधिक ९६०, म्हणजे २,१६०. चोवीस पोत्यांना पहिल्याचे ४,८०० व दुसऱ्याचे १,२०० अधिक २,८८०, म्हणजे ४,०८०. येथवर आले की दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि ‘स्वस्त कोणते’ या प्रश्नाला पोत्यांची संख्या सांगितल्याशिवाय उत्तरच नाही, हे मुलांना आपोआप कळून येते.

आता बदल कोठे होतो, हा प्रश्न उरतो. हुशार मुले दहा, बारा, चौदा असे चाचपडत जातील. त्यांना तसे जाऊ द्यावे. चाचपडून जे सापडते ते थेट काढण्याची युक्ती म्हणजे समीकरण, ही गोष्ट चाचपडल्याशिवाय उमगत नाही. पोत्यांची संख्या क्ष मानली, तर दोन्ही खर्च सारखे होण्याची अट अशी :

२०० क्ष = १,२०० + १२० क्ष

दोन्ही बाजूंतून १२० क्ष वजा केले की ८० क्ष = १,२०० आणि क्ष = १५. ‘पक्षांतर केले, चिन्ह बदलले’ असे तोंडपाठ वाक्य येथे म्हणवून घेऊ नये. ८० या आकड्याला अर्थ आहे, तो विचारावा. दुसरे यंत्र दर पोत्यामागे ८० रुपये वाचविते. परंतु आरंभीच १,२०० रुपये घेऊन बसलेले आहे. ऐंशी-ऐंशी रुपयांनी ते बाराशे फिटावयास पंधरा पोती लागतात, सोळाव्या पोत्यापासून बचत सुरू होते. हे वाक्य मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर समीकरण त्याला समजले असे खुशाल मानावे. मांडणीत एखादी पायरी राहून गेली तरी हरकत नाही.

मुलांच्या शंका ऐकून घ्याव्यात. एका वर्गात हेच उदाहरण चालू असता मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, दुसरे मशीन आमच्याकडे येतच नाही, ओढ्यापलीकडे रस्ता नाही.” वर्ग हसला. परंतु त्याचे म्हणणे अगदी योग्य होते. समीकरण दोन पर्यायांची तुलना करते. पर्याय दोन आहेत की नाहीत, ते पाहणे हे समीकरणाचे काम नव्हे.

अशा प्रश्नांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, एका अव्यक्त राशीच्या समीकरणांच्या प्रकरणात, असाच एक प्रश्न आहे. एका मनुष्याजवळ तीनशे रुपे आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, परंतु त्याच्यावर शंभर रुप्यांचे ऋण आहे. सर्व घोडे सारख्या किमतीचे आणि दोघांची संपत्ती समान. तर एका घोड्याची किंमत किती? आजच्या लेखनात ६ क्ष + ३०० = १० क्ष − १००, म्हणून ४ क्ष = ४०० आणि क्ष = १००; प्रत्येकाची संपत्ती ९००. आमच्या मळणीच्या प्रश्नाची आणि याची जात एकच. एकीकडे ठोक रक्कम अधिक आणि दरसंख्या थोडी, दुसरीकडे उलट. भास्कराचार्य अव्यक्त राशीला क्ष म्हणत नसत. पहिल्या अव्यक्ताला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे तेवढे’, आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देण्याची प्राचीन रीत त्यांनी पाळली आहे. ‘जेवढी पोती तेवढे’ असे म्हणून पाहा. क्ष या अक्षराची भीती बरीच कमी होते. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे जो शिलालेख आहे, त्यात त्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला. खानदेशातील शाळांना तेथे सहल नेणे अवघड नाही.

मळणीच्या उदाहरणाकडे पुन्हा वळतो, कारण त्याचा खरा गाभा अद्याप राहिला आहे. शेजारशेजारच्या तीन शेतकऱ्यांची पोती अनुक्रमे ५, ६ आणि ७ आहेत. प्रत्येकाची संख्या पंधराच्या आत असल्यामुळे प्रत्येकाने पहिलेच यंत्र बोलवावे. तसे केल्यास त्यांना १,०००, १,२०० व १,४०० मिळून ३,६०० रुपये पडतील. परंतु तिघांनी माल एकाच खळ्यावर आणला, तर पोती १८ होतात. अठरा ही संख्या पंधराच्या पुढची आहे. दुसऱ्या यंत्राला १,२०० अधिक २,१६०, म्हणजे ३,३६० रुपये द्यावे लागतील. तिघांचे मिळून २४० रुपये वाचले. रक्कम मोठी नाही. परंतु पुढचा प्रश्न मोठा आहे. हे पैसे तिघांनी कसे वाटून द्यावयाचे?

बहुतेक मुले म्हणतात, ठोक बाराशेचे तीन सारखे वाटे करावेत, चारशे-चारशे, आणि पोत्यांचे ज्याचे त्याने द्यावे. ऐकण्यास हे न्याय्य वाटते. हिशेब करून पाहिला म्हणजे पाच पोतीवाल्याला ४०० अधिक ६००, एकूण १,००० रुपये पडतात. एकट्याने पहिले यंत्र आणले असते तरी तेवढेच पडले असते. सहा पोतीवाल्याचे ८० रुपये वाचतात, सात पोतीवाल्याचे १६०. म्हणजे मोठ्याला सर्वांत अधिक, लहानाला काहीच नाही. आता मुलांना असे विचारावे की, पाच पोतीवाला आलाच नाही तर? उरलेल्या दोघांची पोती तेरा. तेरांना पहिल्या यंत्राचे २,६०० आणि दुसऱ्याचे १,२०० अधिक १,५६०, म्हणजे २,७६०. दोघांच्या एकत्र येण्यात तोटाच आहे! ज्याच्या येण्यामुळे साऱ्यांची बचत होते, त्याच्याच पदरात सारखी वाटणी शून्य घालते. एका शाळेत सातवीतील एक मुलगी हा हिशेब पुरा होताच म्हणाली, “मग तो कशाला येईल, बाई?” तिने प्रश्नाच्या मर्मावर बोट ठेवले होते.

दुसरी रीत म्हणजे सगळा खर्च पोत्यांच्या प्रमाणात वाटणे. ३,३६० भागिले १८, म्हणजे पोत्यामागे १८६ रुपये ६७ पैसे. या रीतीने पाच पोतीवाल्याला सुमारे ९३३, सहावाल्याला १,१२० आणि सातवाल्याला सुमारे १,३०७ रुपये पडतात. तिघांचीही बचत होते. गंमत अशी की सहा पोतीवाल्याला दोन्ही रीतींत १,१२० रुपयेच द्यावे लागतात, कारण सहा ही तिघांची सरासरी आहे. त्याचे मत म्हणून निःपक्षपाती मानता येईल. गावातील पंच निवडण्याची ही काही वाईट कसोटी नव्हे.

वरच्या वर्गाला यातून आणखी एक पाऊल पुढे नेता येते. भागीदार तीन असताना सारख्या वाटणीत एका शेतकऱ्याचा नफा किंवा तोटा ८० क्ष − ४०० असतो; तो क्ष = ५ ला शून्य होतो. चार पोतीवाला अशा भागीत शिरला, तर त्याला ८८० रुपये पडतील, एकट्याने मात्र ८०० च पडले असते. भागीदार पाच झाले, तर ठोक रकमेचा वाटा २४० होतो आणि ही सीमा तीन पोत्यांवर उतरते. भागीदारांची संख्या न मानली, तर सीमा १५ भागिले न. सहकाराचा धडा समाजशास्त्राच्या पुस्तकात असतोच. त्याचे अंकगणित येथे आहे, आणि सहकारात लहान सभासद केव्हा बुडतो, तेही येथेच आहे.

प्रवासाचे उदाहरण याहून सोपे असूनही त्यात एक वेगळेच वळण आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. गावाहून तालुक्याला रोज जाऊन येणाऱ्याने पास काढावा की रोज तिकीट? एका वेळचे भाडे भ रुपये मानू. रोजचे जाणे-येणे २ भ, आणि पासाची किंमत वीस दिवसांची, म्हणजे ४० भ. ज्या महिन्यात क्ष दिवस प्रवास घडेल, त्या महिन्यासाठी २ भ × क्ष = ४० भ. दोन्ही बाजूंना २ भ ने भागले की भाडे नाहीसेच होते आणि क्ष = २० उरते. गाव पाच किलोमीटरवर असो की पन्नास, उत्तर तेच! हे मुलांना प्रथम पटत नाही. प्रत्येकाला आपापल्या गावच्या भाड्याने हिशेब करावयास सांगावे आणि सर्वांची उत्तरे फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. एकाच आकड्याची ती रांग पाहिली, की एखादी राशी समीकरणातून ‘जाते’ म्हणजे काय होते, ते व्याख्येवाचून समजते. दिवाळीच्या महिन्यात सोळाच दिवस कामावर जाणाऱ्याने पास काढू नये, बावीस दिवस जाणाऱ्याने काढावा, हा निष्कर्ष मग सरळ निघतो.

आता वळण. १७ मार्च २०२३ पासून महामंडळाच्या गाड्यांतून स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. सवलतीच्या तिकिटाने जाण्यायेण्यास दिवसाला केवळ भ रुपये पडतात. तिच्यासमोर पूर्ण भाड्यावर काढलेला पास ठेवला, तर समीकरण होईल भ × क्ष = ४० भ, म्हणजेच क्ष = ४०. गणिताच्या दृष्टीने उत्तर निर्दोष आहे, पण चाळीस दिवसांचा महिना कोणत्याही पंचांगात नाही. म्हणजे असा पास तिने कधीच घेऊ नये. सोडविलेले उत्तर पुन्हा मूळ परिस्थितीत नेऊन पाहण्याची सवय लावावयाची असेल, तर याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही. ताळा म्हणजे केवळ आकडे पुन्हा घालून पाहणे नव्हे.

विजेच्या देयकाबद्दल थोडे. महावितरणच्या घरगुती देयकात वापराचे टप्पे असतात. पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० त्याहून चढ्या दराने, आणि असेच पुढे. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असा समज खेड्यांत सर्वत्र आढळतो. त्या धास्तीने महिनाअखेर अभ्यासाच्या वेळी दिवा घालविणारी घरे मी पाहिली आहेत. हा समज खोटा आहे. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. सोयीसाठी पहिला दर ४ रुपये आणि दुसरा १० रुपये मानू व इतर आकार सोडून देऊ. १०१ युनिटांचे देयक ४०० अधिक १०, म्हणजे ४१० रुपये होते, १,०१० नव्हे. दुसऱ्या टप्प्यात एकूण युनिटे क्ष असतील, तर देयक

४०० + १० (क्ष − १००) = १० क्ष − ६००

हे उणे सहाशे मुलांना चमत्कारिक वाटतात. कंपनी आपल्याला सहाशे रुपये देते काय, असे एखादा विचारील. त्याला असे समजवावे : सर्व युनिटांना दहाचाच दर लावला असे क्षणभर धरा, मग पहिल्या शंभरांवर प्रत्येकी सहा रुपये जास्त घेतले गेले, ते परत करावयास हवेत. ते परत करणे म्हणजेच उणे सहाशे. भास्कराचार्यांच्या प्रश्नातील शंभरांचे ऋण आणि हे उणे सहाशे यांची जातकुळी एकच. ऋण संख्या म्हणजे नाहीपेक्षाही कमी, असे सांगून मुलांना गोंधळविण्यापेक्षा देणे आणि परत करणे या दोन क्रिया दाखवाव्यात.

यापुढचा भाग मात्र मी अधिक महत्त्वाचा मानतो. व्यवहारात दर नेहमी उघड सांगितलेला नसतो. मालक म्हणतो, ‘अमुक रुपये झाले’. ठोक किती आणि दर किती, ते तो सांगेलच असे नाही. अशा वेळी दोन शेजाऱ्यांच्या पावत्या पुरतात. एकाने आठ पोत्यांचे २,१६० रुपये दिले, दुसऱ्याने वीस पोत्यांचे ३,६००. बारा पोती अधिक, त्यांचे १,४४० रुपये अधिक. म्हणून पोत्यामागे १२०. आठ पोत्यांचे ९६० वजा केले की ठोक रक्कम १,२०० उघडी पडते. तिसऱ्या शेजाऱ्याकडून दहा पोत्यांचे २,६०० घेतले असतील, तर ते या हिशेबात बसत नाहीत, २,४०० बसतात. दोनशे रुपये कशाचे, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि काय विचारावयाचे तेही आता त्याला ठाऊक आहे. दोन चलांतील समीकरणे नववीत रीतसर येतील. पण वजाबाकीने होणारा हा हिशेब आठवीतच काय, सातवीतही करवून घेता येतो.

चौकटीच्या वहीवर आडव्या रेषेवर पोती आणि उभ्या रेषेवर रुपये घेऊन दोन्ही यंत्रांचे बिंदू काढावेत. एक रेषा शून्यातून निघते, दुसरी बाराशेतून. पंधरा पोती आणि ३,००० रुपये या बिंदूत त्या एकमेकींना छेदतात. छेदनबिंदूच्या डावीकडे कोणती रेषा खाली आहे, हे बोटाने दाखवावयास लावावे. विजेची रेषा शंभराजवळ वाकते, पण तुटत नाही. सहलीच्या जीपची रेषा मात्र आसने भरताच, दुसरी जीप लागताक्षणी, एकदम वर उडी घेते. प्रश्नपत्रिकांच्या छपाईचे दोन दर तर प्रत्येक शाळेत सहामाहीला हाताशी असतातच. तो हिशेब मुलांकडून करवून मुख्याध्यापकांकडे पाठवावा.

घरून पावत्या आणि देयके मागविताना एक काळजी अवश्य घ्यावी. कोणाच्या घरी किती पोती झाली आणि कोणाचे देयक थकलेले आहे, ही वर्गात मोठ्याने वाचावयाची गोष्ट नव्हे. कागद शिक्षकांनी आपल्याकडे घ्यावेत, नावे वगळून केवळ आकडे फळ्यावर लिहावेत, आणि तास संपताच कागद ज्याचे त्याला घडी घालून परत द्यावेत. ज्यांच्याकडे जमीन नाही, अशा घरांतील मुलांसाठी पासाचे किंवा छपाईचे उदाहरण आधी घ्यावे, मळणीचे मागाहून.